हृदय सांगते ते प्रमाण का?

गेल्या चातुर्मासात एका गावी कीर्तन झाले. आरती झाली, मंडळी प्रसाद घेऊन पांगली, आणि एक शिकलेला तरुण मंडपातच थांबून राहिला. पाया पडून म्हणाला, "महाराज, रागावणार नसाल तर एक विचारतो. तुम्ही आज तासभर शास्त्राची संगती लावलीत. पण मी मोबाइलवर योगाची व्याख्याने ऐकतो. तिथे सांगतात, विचार हाच मोठा अडसर. विचार बंद करा, मग आतून जे उमटेल ते खरे. योग्याचे ज्ञान तेच. असे असेल तर श्रवण-मननाची ही सगळी खटपट हवी कशाला?"

प्रश्न प्रामाणिक होता. मी त्याला पतंजलींच्या चार गोष्टी सांगितल्या, त्याचे समाधान झाले आणि तो गेला. पण अंथरुणाला पाठ टेकल्यावर माझेच समाधान होईना. कारण मी उत्तर पोथीतले दिले. माझ्या पदरी जे पडले आहे ते त्याला सांगितलेच नाही. ते सांगायला जीभ रेटत नाही. पण आता वय झाले. जे शिकायला दुसऱ्याची किंमत मोजावी लागली ते आपल्याबरोबर घेऊन जाणे बरे नव्हे. म्हणून आज लिहून काढतो.

प्रथम पूर्वपक्ष. ज्याचे मत तपासायचे त्याची बाजू त्याच्याहून नीट मांडावी, असा आमच्या पाठशाळेचा दंडक होता. आणि त्या तरुणाची बाजू दुबळी आहे असे कोणी समजू नये.

वैशेषिक शास्त्रात प्रशस्तपादाचार्यांचा पदार्थधर्मसंग्रह हा फार जुना ग्रंथ. ज्ञानाचे प्रकार सांगताना त्यांनी आर्षज्ञान म्हणून एक प्रकार सांगितला आहे. इंद्रियांच्या पलीकडच्या विषयाचे ऋषींना जे आपोआप आणि यथार्थ स्फुरण होते ते आर्ष. त्यालाच प्रातिभ असेही नाव आहे. पुढे आचार्य असे म्हणतात की हे बहुतकरून ऋषींनाच होते, पण क्वचित तुमच्या-आमच्यासारख्या प्रापंचिकालाही होते. दाखला कोणाचा दिला? एखाद्या मोठ्या तपस्व्याचा नव्हे, एका लहानग्या मुलीचा. भाऊ उद्या घरी येणार आहे, असे आपले हृदय सांगते असे ती म्हणते. पत्र नाही, निरोप नाही, अनुमानाला काही चिन्ह नाही. पुढे काश्मीरच्या जयंतभट्टांनी न्यायमंजरीत याच मुलीचा दाखला घेतला आणि असे ज्ञान संशयाचेही नसेल, पुढे बाधितही होत नसेल, तर त्याला प्रमाण का म्हणू नये, असा पक्ष धरला. अहो, नैयायिक म्हणजे शब्दाशब्दाला पुरावा मागणारी माणसे! त्यांनीसुद्धा त्या पोरीला दारातून परत पाठवले नाही.

मनुस्मृतीत धर्म ओळखण्याची चार साधने सांगितली आहेत, त्यांत चौथे आपल्या अंतःकरणाचे समाधान. कालिदासाच्या शाकुंतलात राजा दुष्यंत शकुंतलेला प्रथम पाहतो तेव्हा त्याला शंका येते, ही मुनिकन्या, आपल्याला वरण्याजोगी आहे की नाही? आणि तो स्वतःची समजूत घालतो की संशयाच्या जागी सज्जनांच्या मनाचा ओढा हाच निवाडा असतो. कठोपनिषदात यमधर्म नचिकेत्याला स्पष्टच सांगतो की ही बुद्धी तर्काने हाती येणारी नाही. आणि खुद्द योगशास्त्रात, विभूतिपादात, प्रातिभ ज्ञान झाले म्हणजे सर्व कळते असे सूत्र आहे. एवढे साक्षीदार उभे असताना त्या तरुणाला उडवून लावणे म्हणजे शास्त्रालाच उडवून लावणे होईल.

शिवाय विचाराला मर्यादा आहेच. समाधिपादाच्या अठ्ठेचाळिसाव्या सूत्रात पतंजलींनी ऋतंभरा प्रज्ञा सांगितली. ऋत म्हणजे सत्य, त्याने भरलेली बुद्धी. आणि एकोणपन्नासाव्यात ती ऐकीव ज्ञानाहून व अनुमानाहून वेगळी का, ते सांगितले. शब्द आणि अनुमान ही दोन्ही वस्तूचे सामान्य रूप धरतात. ऋतंभरा प्रज्ञा तिचे विशेष रूप धरते. हे बोजड वाटेल, म्हणून घरातला दृष्टांत घ्या. मुलगा पुण्याला नोकरीला आहे. गावाहून निरोप आला, "आई आजारी आहे." हा झाला शब्द. संध्याकाळी तो फोन करतो, घरी कोणी उचलत नाही. मनात येते, दवाखान्यात नेले असावे. हे झाले अनुमान. दोन्ही खरे असतील. पण रात्रीच्या गाडीने येऊन तो उशाशी बसतो, हात हातात घेतो, तो किती हलका झाला आहे ते त्याला कळते, आईचा श्वास त्याच्या कानी पडतो. ह्या कळण्यात आणि त्या कळण्यात जे अंतर ते सामान्य आणि विशेष यांतले अंतर. शब्दाने 'कोणी एक आजारी आई' कळली. उशाशी बसल्यावर ही आई कळली. धूर पाहून विस्तव आहे एवढे ठरते, तो बाभळीचा की लिंबाचा हे धूर सांगत नाही. म्हणून विचाराने सगळेच कळते असे म्हणणारा पंडितही अर्ध्या वाटेवरच बसलेला आहे, हे कबूल.

इतके सगळे कबूल करून आता माझी गोष्ट सांगतो.

पंचवीस-सव्वीस वर्षे झाली. भीमाकाठच्या एका गावी अखंड हरिनाम सप्ताह होता. मी चाळिशीत होतो, आवाज चांगला होता, नाव होऊ लागले होते. पाचव्या दिवशी माझे कीर्तन फार रंगले. टाळकऱ्यांचे पाय भुईवर ठरत नव्हते. मी मुक्कामाच्या घरी आलो तो ओसरीवर चार माणसे वाट पाहत बसलेली. त्यांच्यातला एक भाऊ, पस्तीस-छत्तीस वर्षांचा शेतकरी, घोंगडीवर अंग आखडून पडला होता. दोन दिवस पोटात दुखत होते. आधी बेंबीभोवती, मग उजव्या अंगाला खाली. ताप होता, ओकाऱ्या होत होत्या. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितले होते, अपेंडिक्स आहे, आजच्या आज सोलापूरला न्या, ऑपरेशन लागेल. भाऊबंद घाबरले होते. पैशाची तजवीज नव्हती, आणि चाकूची भीती होतीच. थोरला म्हणाला, "महाराज, तुमच्या मनाला काय वाटतंय तेवढं सांगा. तुम्ही म्हणाल तसं करतो."

मी डोळे मिटले. खरे सांगतो, ढोंग केले नाही. आत एकदम शांत वाटले. विचार थांबला, आणि त्या शांततेतून स्पष्ट उमटले की कापाकापी नको, पांडुरंग आहे, हा बरा होणार. मी तसेच बोललो. "दोन दिवस दम धरा," म्हणालो.

कोपऱ्यात त्याची म्हातारी आई बसली होती. ती म्हणाली, "पर मला काय ह्याचं बरं दिसंना. आत्ताच न्हेऊया." थोरला तिच्यावर खेकसला, "आये, महाराज सांगत्यात न्हवं?" म्हातारी गप्प झाली. मीही गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याचा हिशेब मला अजून चुकता करता आलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे दुखणे थांबले. गावभर बोभाटा झाला, महाराजांचा शब्द फळला. लोक पाया पडायला आले. त्या रात्रीचे माझे कीर्तन आदल्या रात्रीपेक्षाही रंगले. उत्तररात्री त्याचा ताप चढला, पोट फळीसारखे ताठ झाले. मग जीप करून सोलापूरला नेले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले, अपेंडिक्स काल सकाळीच फुटले असावे. ते फुटते तेव्हा कधी कधी थोडा वेळ वेदना थांबते आणि माणसाला बरे वाटते. पण आत सगळ्या पोटात विष पसरत असते. तिसऱ्या दिवशी तो गेला. मागे बायको आणि दोन लहान पोरे.

दहाव्याला मी गेलो. मला कोणी शब्दाने लागेल असे बोलले नाही. भाविक माणसे ती. थोरला तर उलट मलाच धीर देत होता. निघताना मी म्हातारीच्या पायावर डोके ठेवले. ती म्हणाली, "महाराज, तुमी तरी काय करनार. पर तुमी त्याच्याकडं बघितलंच न्हाई."

संतसज्जनहो, मी पाठशाळेत बारा वर्षे काढली, दर्शने वाचली. पण योगसूत्रांवरचे इतके अचूक भाष्य मला दुसऱ्या कोणी ऐकवले नाही.

त्यानंतर मी सहा महिने कीर्तनाला उभा राहिलो नाही. योगसूत्रांची पोथी पुन्हा काढली आणि एकच प्रश्न घेऊन बसलो. त्या रात्री माझ्या आत जे उमटले ते काय होते? मी खोटे बोललो नव्हतो. मग ते आले कुठून?

पतंजलींनी चित्ताच्या वृत्ती पाच सांगितल्या. प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा आणि स्मृती. यांत गोम अशी की आत उठताना या पाचांच्या अंगावर वेगवेगळे शिक्के नसतात. स्मृती 'मी स्मृती आहे' असे सांगत येत नाही. ती प्रमाणाचा अंगरखा घालून येते आणि आपण तिला मानाने बसवून घेतो. माझे असेच झाले. मी सोळा वर्षांचा, पाठशाळेत असताना, माझे थोरले बंधू पोटाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत. त्या दवाखान्याच्या पायरीवर मी रात्रभर बसलो होतो. त्या दिवसापासून 'ऑपरेशन' हा शब्द ऐकला की माझ्या आत काहीतरी दार लावून घेते. ओसरीवर त्या भाऊबंदांनी तो शब्द उच्चारला, आणि आत दार लागले. दार लागल्यावर जो शुकशुकाट झाला त्यालाच मी समाधीची शांतता समजलो. त्यात भर पडली ती रंगलेल्या कीर्तनाची. हजार माणसे आपल्याकडे पाहत आहेत, अशा वेळी 'मला माहीत नाही' हे वाक्य तोंडातून निघणे फार अवघड असते.

पतंजलींनी याला औषधही सांगून ठेवले आहे, ते मी पाठ म्हणत होतो पण वाचले नव्हते. सवितर्क आणि निर्वितर्क अशा दोन समापत्ती ते सांगतात. पहिलीत शब्द, अर्थ आणि ज्ञान यांची सरमिसळ असते. दुसरीत स्मृती धुऊन निघते, आणि मग एकटी वस्तू आपल्या रूपाने प्रकाशते. स्मृतीची शुद्धी ही अट आहे! ती झाल्यावाचून समोरची वस्तू दिसतच नाही. दिसते ते आपलेच जुने. माझ्यासमोर घोंगडीवर एक माणूस पडला होता. मी पाहिले ते माझ्या बंधूंना. म्हातारीने अक्षर न गिरवता नेमके हेच ओळखले.

आता गंमत पाहा. गंमत म्हणवत नाही, पण शब्द तोच येतो. त्या ओसरीवर त्या रात्री आतून उमटलेल्या गोष्टी दोन होत्या. एक माझी आणि एक म्हातारीची. तिच्याकडेही पुरावा नव्हता. अपेंडिक्स म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हते. पण ती दोन रात्री त्याच्या उशाशी बसली होती. त्याचे पोट चोळताना तो कुठे हात लावू देत नाही हे तिच्या हाताला ठाऊक होते. छत्तीस वर्षे त्याचे कण्हणे ओळखीचे होते, आणि हे कण्हणे वेगळे आहे हे तिच्या कानाला कळत होते. आणि तिला त्यातून स्वतःसाठी काही नको होते. पोर जगावे एवढेच हवे होते. प्रशस्तपादांची ती मुलगी आठवा. तिला भावाचे येणे कळले, वाटसरूचे नव्हे. जिथे लक्ष अखंड जडलेले आहे, आणि 'मी' बाजूला सरलेला आहे, तिथे हृदय कधी कधी खरे बोलते. मला आतून आले म्हणून चूक झाली नाही. ज्या आतून आले ते आत स्वच्छ नव्हते, आणि दुसरे जे स्वच्छ होते त्याला मी बोलू दिले नाही, ही चूक झाली.

मीमांसक कुमारिलभट्टांनी तंत्रवार्तिकात अंतःकरणाच्या समाधानाला प्रमाण मानताना एक उपमा दिली आहे. मिठाच्या खाणीत जे पडेल त्याचे मीठ होते. तसे वेदविद्येने ज्याचे अंतःकरण मुरून गेले आहे त्याच्या आत जे उपजेल ते वेदरूपच होते. उपमा मोठी गोड आहे, पण उलट्या बाजूने वाचली तर अंगावर काटा येतो. आपले मन कशाची खाण आहे? भीतीची असेल तर तिच्यात पडलेला देवाचा शब्दसुद्धा भीतीच होऊन बाहेर येईल. मानाची असेल तर करुणासुद्धा मान होऊन बाहेर येईल. खाण कशाची हे न तपासता 'आतून आले' म्हणणे म्हणजे डोळे मिटून चमचाभर पांढरे तोंडात टाकणे. साखर असेल, मीठ असेल, उंदराचे औषधही असेल.

आणि शांत वाटले हे तर प्रमाण मुळीच नव्हे. त्या शेतकऱ्याची वेदना थांबली ती बरे वाटू लागल्याने नव्हे, आत फुटल्याने. तमोगुणाची स्तब्धता आणि सत्त्वाची प्रसन्नता लांबून सारख्याच दिसतात. पतंजलींनी योगातले जे नऊ अंतराय मोजले त्यांत भ्रांतिदर्शन म्हणून एक आहे. म्हणजे साधकाला दर्शन होते, पण चुकीचे होते. हे साधकासाठी सांगितले आहे, नास्तिकासाठी नव्हे. एवढेच कशाला, विभूतिपादात प्रातिभ ज्ञानादी सिद्धी सांगून लगेच पतंजली बजावतात की या समाधीतले उपसर्ग आहेत. बाहेर उठलेल्या चित्ताला त्या सिद्धी वाटतात, एवढेच.

मग सिद्धान्त काय? विचार आणि अंतःस्फूर्ती ही दोन भांडणारी माणसे नाहीत. एकाच वाटेवरचे ते दोन मुक्काम आहेत, आणि पहिला मुक्काम चुकवून दुसऱ्यावर पोचता येत नाही.

याला आधार पाहा. ऋतंभरा प्रज्ञेच्याच सूत्रावर भाष्य करताना व्यासांनी एक जुने वचन घेतले आहे. त्याचा आशय असा की आगम, अनुमान आणि ध्यानाभ्यासातली गोडी या तिन्ही रीतींनी प्रज्ञा घडवावी, तेव्हा उत्तम योग लाभतो. म्हणजे जिथे प्रज्ञा अनुमानाहून वेगळी ठरते त्याच ठिकाणी, अनुमानाने ती घडवा असे सांगितले आहे. याज्ञवल्क्यांनी मैत्रेयीला आत्मदर्शनाचा क्रम सांगितला त्यात श्रवण आणि निदिध्यासन यांच्यामध्ये मनन आहे. मधली पायरी काढली तर माणूस वर जात नाही, खाली पडतो. मैत्रायणी उपनिषदात योगाची सहा अंगे सांगितली आहेत: प्राणायाम, प्रत्याहार, ध्यान, धारणा, तर्क आणि समाधी. यात तर्काची जागा पाहा. समाधीच्या उंबऱ्यावर तर्क बसला आहे! काश्मीरच्या अभिनवगुप्तांनी तंत्रालोकात तर सत्तर्कालाच योगाचे श्रेष्ठ अंग म्हटले.

"पण महाराज, पतंजली वृत्तींचा निरोध सांगतात ना?" सांगतात. परंतु निरोधाकडे नेणारी संप्रज्ञात समाधी वितर्क, विचार, आनंद आणि अस्मिता अशा पायऱ्यांनी चढते. इथला 'विचार' म्हणजे आपली रात्रीची विवंचना नव्हे हे खरे. सूक्ष्म विषयावर स्थिरावलेले चित्त असा त्याचा अर्थ. पण निर्विचार हा शब्द तरी विचारानंतर येतो. आणि निर्विचार अवस्था निर्मळ झाल्यावरच अंतःकरण प्रसन्न होते, असा तिथे क्रम आहे. ज्याच्या खिशात कधी दिडकी नव्हती त्याने 'मी धनाचा त्याग केला' म्हणावे, तशातली गत विचार न करताच निर्विचार झालेल्याची. व्यासांनी प्रातिभ ज्ञानाला उपमा दिली ती सूर्योदयापूर्वीच्या प्रभेची. विवेकातून उपजणाऱ्या ज्ञानाचे ते पूर्वरूप. पहाटेचा उजेड सूर्याचाच असतो, पण रात्रभराची वाट सरल्यावर येतो. मध्यरात्री कोणी उजेड दाखवला तर आधी आग तर लागली नाही ना, हे पाहावे.

आपल्या माउलींनी तर हे अगदी आरंभीच सांगून ठेवले आहे. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये सांगितलेल्या ज्ञानेश्वरीत पहिल्याच अध्यायात गणेशाचे वाङ्मय-रूप वर्णिले आहे. त्या गणेशाच्या हातात तर्क हा परशू आहे आणि वेदान्त हा मोदक. सहाव्या अध्यायात कुंडलिनीचा सगळा योग उलगडणारी माउली, योगाचा अनुभव ज्यांच्या अंगी मुरलेला, पण त्यांनी देवाच्या हातातला परशू काढून घेतला नाही. आपल्याला मात्र नुसता मोदक हवा असतो. परशू हातात असतो तो आधी स्वतःच्या भ्रमावर चालवण्यासाठी. मग मोदक पचतो.

दुष्यंताची गोष्ट अर्धी राहिली. मनाचा ओढा हाच निवाडा, हे त्याचे म्हणणे लोक तोंडी घेऊन फिरतात. पण त्या श्लोकाला लागूनच राजा काय म्हणतो ते कोणी सांगत नाही. तो म्हणतो, असे असले तरी हिच्याविषयी खरे काय ते मी शोधून काढीन. आणि तो तिच्या मैत्रिणींना विचारतो, तेव्हा विश्वामित्र-मेनकेची हकीकत बाहेर येते. मनाने कौल दिला, आणि तरीही राजाने चौकशी केली. कौल खरा होता, म्हणून चौकशीत टिकला. खऱ्या अंतःस्फूर्तीला चौकशीचे भय नसते. 'प्रश्न विचारू नका' असे ज्याला म्हणावे लागते ते स्फुरण आपणच आपल्याला घातलेली फुंकर होय.

आणि नामदेवरायांचे आख्यान तर आपण सगळे जाणतो. प्रत्यक्ष पांडुरंग ज्याच्याशी बोलतो, ज्याच्या हातून जेवतो, त्याला आतून कळण्याची काय वाण? तरी मुक्ताबाईने गोरोबाकाकांना मडकी पारखायला सांगितली, आणि थापटणे डोक्यावर बसताच नामदेवराय रडकुंडीला आले. मडके कच्चे ठरले. मग देवानेच त्यांना विसोबा खेचरांकडे धाडले. औंढ्याच्या देवळात विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव म्हणाले, पाय काढा. विसोबा म्हणाले, म्हातारा झालो बाबा, जिथे देव नाही तिथे तूच उचलून ठेव. आता नीट पाहा, विसोबांनी इथे दिले काय? दर्शन नामदेवांना होतेच, त्याची कमतरता नव्हती. विसोबांनी एक प्रश्न दिला. देव नाही अशी जागा कोणती? नामदेव पाय उचलून या दिशेला ठेवतात, त्या दिशेला ठेवतात, प्रत्येक ठिकाणी पिंड उभी राहते, आणि आतले कोडे सुटते. दर्शनाने जे पिकले नव्हते ते एका प्रश्नाने पिकवले. आपल्या संप्रदायाने या आख्यानात अनुभवाचा मान राखला, आणि विवेकावाचून अनुभवही कच्चा राहतो हेही सांगितले.

तात्पर्य सांगतो. आतून काही उमटले तर त्याला झिडकारू नये. झिडकारले असते तर म्हातारीचेही झिडकारल्यासारखेच झाले असते. पण त्याला तीन गोष्टी विचाराव्या. पहिली, हे उमटलेले मला मोठे करते का? करत असेल तर दहा वेळा तपासावे. दुसरी, मी समोरच्या वस्तूकडे पाहून बोलतो आहे की माझ्याच जुन्या दुखण्याकडे पाहून? आणि तिसरी, जी मला सर्वांत मोठी वाटते: हे चुकले तर भरपाई कोण करणार? चूक माझ्या एकट्याच्या अंगावर येणार असेल तर खुशाल आतल्या हाकेवर घर सोडावे, वाट चालावी. साधुसंतांनी तसे केले आहे, आणि त्याची किंमत स्वतः दिली आहे. तुकोबारायांनी लोकमत बाजूला सारून आपल्या मनाची साक्ष मानली खरी, पण त्या मनाशी ते आयुष्यभर झुंजले होते, आणि त्या साक्षीपायी जे सोसायचे ते स्वतः सोसले. परंतु किंमत दुसऱ्याच्या लेकराने मोजायची असेल तर माझ्या आतल्या आवाजाला तिथे बोलण्याचा अधिकार नाही. आपल्या स्फूर्तीचे कर्ज दुसऱ्याच्या नावावर काढू नये.

त्या तरुणाला मी हे सांगायला हवे होते. कुठे हा अंक त्याच्या वाचनात आला तर त्याने समजून घ्यावे, की विचार बंद करण्याची त्याला जी घाई झाली आहे ती मलाही झाली होती.

आजही कीर्तन संपल्यावर लोक येतात. आजारी माणूस घेऊन येतात, विचारतात, "महाराज, तुमच्या मनाला काय वाटतं?" मी आता डोळे मिटत नाही. उठून त्या माणसाजवळ जातो, बसतो, त्याच्याकडे पाहतो. डॉक्टर काय म्हणाले ते विचारतो. रात्री त्याच्या उशाशी कोण होते ते विचारतो, आणि जे कोणी होते, म्हातारी असो की सून, तिला आधी बोलू देतो. मग सांगतो, "आधी गाडी बोलवा. पांडुरंगाचे नाव गाडीत बसूनही घेता येते." आणि जागा असली तर मीही बरोबर जातो.

रामकृष्ण हरि.